मोडलेली गाडी, जोडलेली गाडी

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

मिस्टर बीन तुमच्या घरात सगळ्यांना ठाऊक असणार. न बोलता हसवणारा तो माणूस, त्याचं ते टेडी आणि ती पोपटी रंगाची इवलीशी मिनी गाडी, जिच्या दाराला तो कडी-कुलूप लावतो. मालिकेच्या एका भागात लष्कराचा रणगाडा अशाच एका मिनीवरून जातो आणि तिची पार पोळी होते. बीन त्या पोळीतून आपलं कुलूप तेवढं काढून घेतो. माझी मुलं लहान असताना हा प्रसंग आमच्या घरी इतक्या वेळा पाहिला गेला, की रणगाडा कुठल्या बाजूनं येतो तेही मला पाठ झालं होतं.

बीनचं काम करणारा नट म्हणजे रोवन अ‍ॅटकिन्सन. हा गृहस्थ शिकलेला इंजिनिअर आहे. न्यूकॅसलला विजेच्या इंजिनिअरिंगची पदवी आणि पुढं ऑक्सफर्डची पदव्युत्तर पदवी. अवजड ट्रक चालवण्याचा परवानाही त्यानं हौसेनं काढलेला. खऱ्या आयुष्यात त्याच्याकडे जी गाडी होती ती मिनीपासून फार लांबची. १९९७ साली त्यानं मॅक्लारेन एफ-वन नावाची स्पोर्ट्स कार घेतली. गर्द मरून रंगाची. या जातीच्या गाड्या १९९२ ते १९९८ या काळात सगळ्या मिळून १०६ झाल्या. त्यानंतर एकही नाही.

मी साधा बी. ए. झालेला माणूस. कविता लिहितो. यंत्राचं शिक्षण नाही. पण माझं बालपण मिरजेत मामूंच्या गॅरेजात गेलं. मामू डेंटिंग-पेंटिंगचं काम करायचे. शाळा सुटली की मी तिथं. त्यामुळे ठोकलेली गाडी दिसली, की लोक आधी ड्रायव्हरची चौकशी करतात आणि माझी नजर आधी चेसीकडे जाते. ही सवय चांगली नाही, पण आहे. आज बोलायचंय ते याच विषयावर. जिवापाड आवडलेली गाडी अपघातात मोडते, तेव्हा ती पुन्हा उभी कशी करतात आणि उभी राहिली तर ती पहिलीच गाडी असते का?

आधी या मॅक्लारेनबद्दल थोडं सांगतो. दक्षिण आफ्रिकेत दरबानला जन्मलेल्या गॉर्डन मरे या रचनाकाराची ही गाडी. तिच्यात तीन जागा आहेत आणि ड्रायव्हर बसतो मधोमध. दोन पाहुणे त्याच्या जरा मागे, डावी-उजवीकडे. जर्मनीच्या बीएमडब्ल्यूनं खास तिच्यासाठी केलेलं बारा सिलिंडरचं, सहा लिटरच्या वरचं इंजिन मागे बसवलेलं. ते इतकं तापतं, की इंजिनाच्या खोलीला आतून सोन्याचा पत्रा लावलेला आहे. पत्रा कसला, वर्खच म्हणा ना! आपण मिठाईवर लावतो तसा. उष्णता परतवण्यात सोन्याचा हात धरणारं दुसरं काही मरेसाहेबांना मिळालं नाही. १९९८ च्या मार्चमध्ये जर्मनीतल्या चाचणीच्या रस्त्यावर ही गाडी ताशी ३८६ किलोमीटर वेगानं धावली. आणि एवढ्या वेगाच्या गाडीला स्टिअरिंग हलकं करणारी यंत्रणा नाही, ब्रेक दाबताना मदत नाही, चाक घसरू लागलं तर आवरणारी इलेक्ट्रॉनिक्स नाही. सगळं चालवणाऱ्याच्या हातापायांवर.

अशी गाडी लोक घेतात आणि कापडाखाली झाकून ठेवतात. अ‍ॅटकिन्सननं तसं केलं नाही. त्या गाडीतून तो मुलांना शाळेत सोडायचा, बाजारहाट करायचा. १९९९ मध्ये लँकशरमध्ये त्यानं ती एका साध्या मेट्रो गाडीला मागून ठोकली. ते किरकोळ होतं. मोठा अपघात झाला ४ ऑगस्ट २०११ ला, केंब्रिजशरमध्ये पीटरबरोजवळ. रस्ता ओला होता. गाडी गरगर फिरली आणि झाडावर आदळली. त्याच्या खांद्यावर निभावलं. गाडीचे मात्र हाल झाले.

इथं मला मामूंचं गॅरेज आठवतं. ठोकलेली गाडी दोरीनं ओढत आणायचे. मालक घाबराघुबरा असायचा, सोबत दोन-चार सल्लागार. मामू कोणाशी बोलायचे नाहीत. विडी पेटवून गाडीभोवती एक फेरी मारायचे, मग खाली वाकून बघायचे. नंतर टेप काढायचे. टेपचं एक टोक माझ्या हातात. पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत, मग पुढच्या उजव्यापासून मागच्या डाव्यापर्यंत. दोन्ही कर्ण सारखे आले तर चेसी सरळ. फरक आला तर तो किती, त्यावर पुढचा सगळा हिशेब. शाळेत आयताचे कर्ण समान असतात हे मी नंतर शिकलो, तेव्हा मास्तरांना सांगितलं होतं की हे मला माहीत आहे. त्यांना वाटलं मी शिकवणी लावलीय.

पत्र्याचं दुखणं डोळ्यांना दिसतं, चेसीचं दिसत नाही, असं मामू म्हणायचे. बाहेरून गाडी चकाचक करता येते. पण चेसी वाकडी राहिली तर ती खेकड्यासारखी तिरकी चालते, टायर एका बाजूनं खाते आणि ऐन वेळी ब्रेक मारला की दगा देते.

पोलादी पत्र्याचं काम मी हजारदा पाहिलंय. खोक पडलेल्या जागी मागून लोखंडी डॉली धरायची आणि पुढून हातोडीनं हळूहळू ठोकत जायचं. घाई केली तर पत्रा ताणतो आणि फुगवटा राहतो. तेलाचा डबा दाबल्यावर टक् टक् करतो ना, तसा. मग त्या जागी गॅसच्या ज्योतीनं रुपयाएवढा ठिपका लालभडक तापवायचा आणि ओलं फडकं दाबायचं. तापलेला पत्रा आक्रसतो, फुगवटा जातो. मग लांबी भरायची, पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासायचं, पुन्हा लांबी, पुन्हा घासणं. नंतर प्रायमर आणि शेवटी रंग. रंगाच्या दिवशी सकाळी जमिनीवर पाणी मारायचं, धूळ बसावी म्हणून, आणि मला बाहेर हाकलायचे. रंग जुळवणं ही मोठी मेहनतीची गोष्ट. डब्यावरचा नंबर तोच असला तरी जुन्या गाडीचा रंग उन्हानं उतरलेला असतो. मामू चार थेंब काळा, दोन थेंब पिवळा टाकून पत्र्याच्या तुकड्यावर मारून बघायचे. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात फसवतो म्हणून तो तुकडा सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी बाहेर धरायचे.

मॅक्लारेनला यातलं बरंच उपयोगी नाही, कारण तिचा सांगाडा लोखंडाचा नाहीच. तो कार्बन फायबरचा आहे. कार्बनच्या काळ्या धाग्यांचं विणलेलं कापड असतं. त्याचे थर राळेसारख्या रसायनात भिजवून साच्यात एकावर एक लावतात आणि दाब व उष्णता देणाऱ्या मोठ्या भट्टीत शिजवतात. थोडक्यात, भला मोठा प्रेशर कुकर. बाहेर येतं ते पोलादापेक्षा कितीतरी हलकं आणि विलक्षण ताठ. शर्यतीच्या गाड्यांत असा सांगाडा मॅक्लारेननंच १९८१ मध्ये आणला. लोक तेव्हा शंका घेत होते, की हा कापडाचा डबा ठोकला तर चक्काचूर होईल. त्याच वर्षी इटलीत मोंझाच्या शर्यतीत जॉन वॉटसनची गाडी आदळून दुभंगली, इंजिन वेगळं झालं आणि वॉटसन आपल्या पायांनी बाहेर आला. शंका मिटली. रस्त्यावरच्या गाडीला संपूर्ण असा सांगाडा पहिल्यांदा मिळाला तो या एफ-वनमध्ये.

पण कार्बनला एक खोड आहे. लोखंड वाकतं आणि वाकलेलं दिसतं. कार्बन वाकत नाही. तो सहन करतो आणि हद्द झाली की फुटतो. कधी कधी वरून सगळं ठीक दिसतं आणि आत थर एकमेकांपासून सुटलेले असतात. ते ओळखायचं कसं? ध्वनिलहरी सोडून तपासणारी यंत्रं आहेत. पण सगळ्यात जुनी पद्धत आजही वापरतात. नाण्यानं किंवा छोट्या हातोडीनं टकटक करत जायचं आणि कान द्यायचा. घट्ट जागेचा आवाज खणखणीत येतो, सुटलेल्या जागेचा बद्द.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीतच हसलो. आमच्या मिरजेत सतारमेकरांची गल्ली आहे. पूर्वी हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी दीड शतकापूर्वी सतारी-तंबोरे करायला घेतले आणि गावाचं नाव देशभर झालं. तंबोऱ्याचे भोपळे पंढरपूरकडून येतात. कारागीर भोपळा हातात घेतो, बोटानं टिचकी मारतो आणि कान लावतो. तडा डोळ्यांना दिसायच्या आधी कानाला कळतो. वोकिंगच्या कारखान्यातला पांढऱ्या कोटातला तंत्रज्ञ आणि आमच्या गल्लीतला चाचा, दोघं एकच काम करतात. फरक इतकाच, की चाचाच्या तोंडात पान असतं.

सुटलेली जागा सापडली, की तिथले थर उतरते तासून काढायचे, घाटाच्या पायऱ्यांसारखे. मग प्रत्येक थराच्या धाग्याची दिशा मूळ होती तशीच ठेवून नवं कापड भरायचं आणि पुन्हा शिजवायचं. दिशा चुकली तर ताकद गेली. लांबी भरून गुळगुळीत करण्याचा उद्योग इथं चालत नाही. अ‍ॅटकिन्सनची गाडी मॅक्लारेनच्या स्वतःच्या खास विभागात, वोकिंगला गेली. दुसरं कोण करणार? दुरुस्तीला वर्षाहून जास्त काळ लागला. या गाड्यांच्या बाबतीत एक गंमत पुढे २०१६ मध्ये बाहेर आली. त्यांच्या मेंदूशी बोलायला त्या कारखान्यात १९९० च्या दशकातले जुने कॉम्पॅक कंपनीचे लॅपटॉप सांभाळून ठेवलेले होते. गाडीचा सॉफ्टवेअर फक्त तेच ओळखत होते. कोट्यवधींची गाडी आणि वैद्य मात्र भंगारात निघालेला संगणक!

आता पैशाचं. विमा कंपनीनं ९ लाख १० हजार पौंड मोजले. तेव्हाच्या भावानं साडेसात कोटी रुपयांच्या आसपास. ब्रिटनमध्ये एका गाडीच्या दुरुस्तीसाठी दिलेली ती तोवरची सर्वांत मोठी रक्कम असल्याचं २०१३ मध्ये छापून आलं. ऐकणाऱ्याला वाटतं, कंपनी वेडी आहे का? पण हिशेब सरळ आहे. गाडीची किंमत तेव्हा ३५ लाख पौंडांच्या घरात गेली होती. भंगार ठरवून पूर्ण रक्कम देण्यापेक्षा दुरुस्ती चौपट स्वस्त पडली. आपल्याकडेही तत्त्व तेच आहे. पॉलिसीवर गाडीची जी घोषित किंमत असते, तिच्या ७५ टक्क्यांवर दुरुस्तीचा खर्च गेला, की गाडी पूर्ण नुकसान झालेली धरतात. चार लाखांच्या गाडीचा अंदाज सव्वातीन लाखांचा निघाला, की दुरुस्तीचा विषय संपला. म्हणून आपल्या जुन्या लाडक्या गाड्या दारातच मरतात. गाडी जुनी होते तशी तिची कागदावरची किंमत उतरते आणि बंपर, दिवा, मजुरी यांचे दर चढत जातात. प्रेमाला त्या कागदावर रकाना नाही.

मामूंनी असा एक रकाना भरलेला मी पाहिला. १९८२ साल असावं. एक वकीलसाहेब होते. त्यांच्याकडे दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड होती. मद्रासला बनायची ती. तिच्या इंग्लंडमधल्या मूळ ट्रायम्फ हेराल्डच्या चेसीवरूनच स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार निघाली, म्हणजे ही तिची थोरली बहीण. वकीलसाहेब मुलीला घेऊन पंढरपूर रस्त्यानं येत होते. बैल आडवा आला. गाडी चाकोरी सोडून उलटली. मुलीच्या गळ्याजवळचं हाड मोडलं, बाकी निभावलं. वकीलीणबाईंनी सांगितलं, ती गाडी पुन्हा दारात आणायची नाही. वकीलसाहेब गॅरेजात आले आणि म्हणाले, "मिस्त्री, होती तशी करून द्या. कळता कामा नये."

मामू म्हणाले, "वकीलसाहेब, चालेल अशी करून देतो. कळणार नाही अशी नाही करत."

हेराल्डची रचना दुरुस्तीला फार सोयीची. बहुतेक गाड्यांत सगळा डबा एकसंध असतो. हिच्यात चेसी वेगळी आणि वरचं अंग तुकड्यातुकड्यांनी बोल्ट लावून बसवलेलं. पुढचं बॉनेट मडगार्डांसकट उचकटून पुढे कलंडतं. छप्परसुद्धा बोल्टवर. मामूंनी आठ दिवसांत अंग उतरवून ठेवलं आणि चेसीचा डावा बाहू तापवून, जॅक लावून सरळ केला. जिथं चीर होती तिथं आतून पट्टी देऊन वेल्डिंग केलं. कर्ण जुळले. छप्पर मात्र चेचलं गेलं होतं आणि दुसरं मिळेना. तेव्हा मामूंनीच सुचवलं, की छप्पर नकोच. पुण्याहून ताडपत्रीवाला बोलावला, लोखंडी पाइपचा घडीचा सांगाडा केला आणि गाडी उघडी झाली. रंगही बदलला. पांढरी होती, ती गर्द हिरवी झाली. वकीलसाहेबांची मुलगी ती बघायला आली, गळ्यात झोळी अडकवलेला हात घेऊन. बराच वेळ लांब उभी राहिली. मग विचारलं, "पावसात काय करायचं?"

आज तसं करायला गेलं तर कायदा आड येईल. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कारखान्यानं दिलेली मूळ रचना बदलता येत नाही आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही ते ठामपणे सांगितलं. रंग बदलला तर आरसी बुकात नोंद करून मिळते, छप्पर कापायला नाही. मला विचाराल तर कायदा बरोबर आहे. सगळेच काही मामू नसतात. रुंद टायर आणि कर्कश सायलेन्सर लावून गाडी 'स्पोर्ट्स' करणारी पोरं मी पाहतो, त्यांच्यातले किती जण ब्रेक वाढवून घेतात? हौस नेहमी दिसणाऱ्या भागावर खर्च होते.

परदेशातही बदललेल्या गाडीला मान आहे, पण ती कोणी बदलली यावर. दोन एफ-वन गाड्यांना मॅक्लारेननंच मागाहून ल माँच्या शर्यतीच्या धर्तीचं इंजिन आणि पंख बसवून दिले. त्यांतली एक २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिलावात १ कोटी ९८ लाख डॉलरना गेली. २०२१ मध्ये तिथंच दुसरी एक, जवळजवळ न वापरलेली, २ कोटी ४ लाख डॉलरच्या वर गेली. ती सव्वीस वर्षांत ३९० किलोमीटर चालली होती. मिरजेहून मुंबई गाठली, की संपलं. अ‍ॅटकिन्सनची दोनदा ठोकलेली गाडी ६६ हजार किलोमीटर चालून २०१५ मध्ये ८० लाख पौंडांना विकायला निघाली आणि विकली गेली. घेतली तेव्हा सहा लाख पौंडांच्या आसपास पडली होती. अपघात लपवायचा प्रश्नच नव्हता, साऱ्या जगानं फोटो पाहिले होते. कारखान्याची दुरुस्ती हाच तिचा दाखला झाला.

आपल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात असा दाखला कुठे मिळतो? 'एकहाती वापरलेली, कुठं टच नाही' एवढं वाक्य पुरतं. मामूंना हे वाक्य ऐकून राग यायचा. म्हणून वेल्डिंग केलेल्या जागी ते पंचानं ठोकून खूण करायचे, सालाचे दोन आकडे आणि एक चांद. लपलेल्या जागी, पण दुसऱ्या मिस्त्रीला सापडेल अशी. त्याला कळावं, इथं जोड आहे, इथं जॅक लावू नकोस. हेराल्डवरही केली. आणि गाडी तयार झाल्यावर वकीलसाहेबांच्या आधी त्यांनी मला शेजारी बसवलं आणि पंढरपूर रस्त्यावर साठच्या वेगानं नेऊन खाडकन ब्रेक मारला. गाडी सरळ उभी राहिली. आई मामूंवर आठ दिवस रागावली होती.

मामू जाऊन आता बरीच वर्षं झाली. पाच-सहा वर्षांपूर्वी एका लग्नानिमित्त कोल्हापूरला गेलो होतो, तिथं यजमानांच्या शेजाऱ्याच्या अंगणात उघडी हेराल्ड दिसली. आता लाल होती. मी मालकाची परवानगी घेऊन, लग्नाच्या कपड्यांत, खाली वाकलो. चेसीवर काळ्या डांबरी लेपाचा जाड थर होता, काही दिसेना. तरुण मालक कौतुकानं म्हणाला, "काका, ओरिजिनल कन्व्हर्टिबल आहे. कुठं टच नाही."

बोलावं की नाही, हे ठरवायला मला थोडा वेळ लागला. मग सांगितलं सगळं. बैल, पंढरपूर रस्ता, डावा बाहू, आतली पट्टी. त्याचा चेहरा उतरला. त्यानं चांगले पैसे मोजलेले असणार. चहाचं बोलणं झालं होतं, ते तिथंच राहिलं. निघताना त्यानं माझा नंबर मात्र घेतला.

पंधरा दिवसांनी फोन आला. लेप खरवडला होता. म्हणाला, "काका, ८२ दिसतंय. त्याच्या पुढं कोयत्यासारखं काहीतरी आहे."

मी म्हटलं, "चांद आहे तो. जॅक त्याच्या मागं लाव."